‘फाईल खराब आहे’ म्हणण्याआधी: मॅक, लिनक्स आणि विंडोजच्या झिप एकमेकांवर कशा उघडायच्या

लग्नाचे फोटो छत्रपती संभाजीनगरच्या स्टुडिओत मॅकवर निवडले जातात, त्यांची झिप, म्हणजे अनेक फायली दाबून एकत्र बांधलेलं गाठोडं, होऊन ती उदगीरला येते आणि नवरदेवाचा भाऊ ती सेवा केंद्रातल्या विंडोजवर उघडायला बसतो. शाळेच्या लॅबमध्ये उबुंटू हे लिनक्स असतं, ग्रामसेवकाच्या लॅपटॉपवर विंडोज १०, आणि बाकी सगळ्यांच्या खिशात अँड्रॉइड. एकच झिप या सगळ्या मशीनवर फिरते आणि कुठेतरी अडते. मग ठरलेलं वाक्य येतं: “दादा, फाईल खराब हाय, उघडंना झालीय. परत पाठवा की.”

परत पाठवली तरी तेच होतं, कारण फाईल बहुतेक वेळा धडधाकट असते. एका सिस्टिमला जे नाव चालतं ते दुसरीला चालत नाही, किंवा एकीने लिहिलेली अक्षरं दुसरी भलत्याच तक्त्यावरून, म्हणजे कुठला आकडा कुठलं अक्षर हे ठरवणाऱ्या यादीवरून, वाचते. म्हणून नवं सॉफ्टवेअर शोधायला धावण्याआधी स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय ते बघायचं. प्रत्येक बिघाडाची खूण वेगळी असते.

आधी वजन बघा

पहिली शंका अर्धवट डाउनलोडची. गावात नेट मध्येच जातं, ब्राउझर ‘पूर्ण झालं’ म्हणून मोकळा होतो आणि दीड जीबीतले नऊशे एमबीच उतरलेले असतात. पाठवणाऱ्याला फाईलचा आकार विचारा आणि आपल्याकडचा ताडून बघा. इथे एक फसगत ठरलेली आहे. मॅक २००९ पासून जीबी मोजताना १००० च्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या. त्यामुळे मॅकवर जी फाईल १.५ जीबी दिसते, तीच विंडोजवर १.४ च्या आसपास दिसते. फाईल तुटलेली नाही, मोजमाप वेगळं आहे. दोन्हीकडे बाइटचा पूर्ण आकडा विचारा. विंडोजवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘साइज’पुढे कंसात तो असतो, मॅकवर ‘गेट इन्फो’मध्ये. तो शेवटच्या अंकापर्यंत जुळला की डाउनलोडवरचा संशय जवळपास संपला.

अर्धवट झिप अजिबातच का उघडत नाही, त्यामागे साधं कारण आहे. झिपमधल्या फायलींची यादी फाईलच्या अगदी शेवटी लिहिलेली असते, पुस्तकाची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर छापावी तशी. शेवटचा तुकडा आला नाही की आत काय आहे तेच सॉफ्टवेअरला कळत नाही. लिनक्सवाल्यांच्या टार-जीझेड या गाठोड्यात असं नसतं. तिथे फायली एकापाठोपाठ एक असतात, त्यामुळे अर्धवट आलेल्या टारमधूनही तुटल्या जागेपर्यंतचं बरंचसं निघतं.

ती खरंच झिप आहे का?

विंडोज फायलींची शेपटी, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतं. फाईल एक्स्प्लोररमध्ये ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. हे काम एकदाच करायचं आहे आणि कायम उपयोगी पडतं.

तरी शेपटी खोटी असू शकते. टेलिग्रामवरून आलेल्या नोट्सच्या आरएआर (झिपसारखाच दुसरा प्रकार) फायलींना कुणीतरी हाताने ‘झिप’ असं नाव दिलेलं असतं. खरी ओळख फाईलच्या पहिल्या अक्षरांत असते. झिपची सुरुवात पी आणि के या दोन रोमन अक्षरांनी होते. ही आद्याक्षरं फिल कॅट्झची, ज्याने १९८९ मध्ये हा प्रकार आणला. आरएआर स्वतःच्याच नावाने सुरू होते, सेव्हन-झेड हा तिसरा प्रकारही तसाच. छोटी फाईल असेल तर नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ बघता येते. मोठी असेल तर नोटपॅडच्या नादी लागू नका, तो लटकेल. सेव्हन-झिप हे सॉफ्टवेअर शेपटीकडे न बघता आतलं बघून उघडतं. पहिल्याच ओळीत एचटीएमएल असं काही दिसलं, तर तुमच्या हातात झिप नाहीच, लॉगिनचं पान आहे. लिंक उघडायला परवानगी नव्हती आणि ब्राउझरने तेच पान झिपच्या नावाने उतरवून घेतलं. अशा वेळी ज्याने लिंक दिली त्याला गूगल ड्राइव्हवरची परवानगी खुली करायला सांगा.

उलटंही होतं. वर्डची डॉक्स, एक्सेलची एक्सएलएसएक्स आणि अँड्रॉइड ॲपची एपीके या आतून झिपच असतात, त्यांचीही सुरुवात पी-के. ‘झिप उघडली तर आत नुसत्या एक्सएमएल फायली निघाल्या’ अशी तक्रार आली, तर ती बहुधा वर्डची फाईल असते. शेपटी बदलून डॉक्स करा, काम झालं.

हत्यारं कोणती ठेवायची

विंडोजवर सेव्हन-झिप. इगोर पाव्हलोव यांचं, १९९९ पासूनचं, पूर्ण मोफत, आकाराने जेमतेम दीड-दोन एमबी. झिप, आरएआर, सेव्हन-झेड, टार, आयएसओ आणि मॅकची डीएमजीसुद्धा बऱ्याचदा उघडतं. त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. शोधून वर येणाऱ्या चकचकीत ‘फ्री डाउनलोड’ बटणांवर नको.

विनरार आपल्याकडे जवळपास प्रत्येक केंद्रात असतं, चाळीस दिवसांची चाचणी संपल्याचा निरोप वर्षानुवर्षं दाखवत. ते वापरायला माझी हरकत नाही, उलट खाली एका कामाला तेच सोयीचं आहे. पण आवृत्ती तपासा. २०२३ मध्ये ६.२३ आणि २०२५ मध्ये ७.१३ या आवृत्त्यांनी अशी भोकं बुजवली, ज्यांतून नुसती फाईल उघडल्यावर मशीनमध्ये घातक प्रोग्रॅम शिरत होता. विनरार आणि सेव्हन-झिप दोन्ही आपोआप अद्ययावत होत नाहीत. दहा वर्षांपूर्वी टाकलेलं अजून तसंच असेल, तर आज बदला.

विंडोज ११ मध्ये २०२३ च्या अखेरीपासून आरएआर, सेव्हन-झेड आणि टार काहीही न टाकता उघडतात. मॅकवर ‘द अनआर्काईव्हर’ किंवा ‘केका’ ठेवा, कारण मॅकचं स्वतःचं साधन आरएआर उघडत नाही. उबुंटूवर आर्काईव्ह मॅनेजर असतोच, पण आरएआरसाठी ‘अनरार’ आणि सेव्हन-झेडसाठी ‘पी-सेव्हन-झिप’ किंवा नव्या उबुंटूत ‘सेव्हन-झिप’ नावाचं पॅकेज टाकावं लागतं. फोनवर गूगलचं ‘फाइल्स’ साधी झिप उघडतं, बाकीच्यासाठी ‘झेडआर्काइव्हर’.

नावांचा चिवडा झाला असेल तर

आपल्या भाषेत काम करणाऱ्यांची सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच. मॅकवरून आलेली झिप विंडोजच्या फाईल एक्स्प्लोररमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी ग्रीक अल्फा, डोक्यावर लाट असलेला स्पॅनिश एन, मध्येच ठिपक्यांचे ठोकळे असं काहीतरी दिसतं. फाईल उघडते, फोटो नीट दिसतात, फक्त नाव वाचता येत नाही.

होतं काय ते जवळून बघू. ‘लातूर’ हे नाव घ्या. संगणकाच्या लेखी त्यात पाच खुणा आहेत: ल, काना, त, दीर्घ उकार, र. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते. त्यातला पहिला बाइट देवनागरीसाठी कायम एकच असतो आणि दुसरा दोनपैकी एक. आता हेच बाइट कुणी जुन्या ४३७ क्रमांकाच्या तक्त्यावरून वाचले, जो १९८१ च्या आयबीएम पीसीसाठी बनला होता, तर पहिला बाइट दरवेळी अल्फा दिसतो आणि दुसरा लाटवाला एन, कधी लहान कधी मोठा. ‘ल’ म्हणजे अल्फा, एन आणि एक गडद ठिपक्यांचा ठोकळा. ‘लातूर’मध्ये पाच अल्फा दिसतील. म्हणजे चिवड्यातले अल्फा मोजले की मूळ नावात किती खुणा होत्या ते कळतं. कुठली फाईल कुठली हे ओळखायला एवढंही कधीकधी पुरतं.

काही मशीनवर अल्फाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला ओ दिसतो, काहींवर तिरकी रेघ असलेला ए आणि चलनाच्या चिन्हासारखं काही. तक्ता वेगळा, रोग तोच.

झिपमध्ये ‘हे नाव यूटीएफ-८ मध्ये आहे’ असं सांगणारी खूण २००६ मध्ये आली. मॅकची स्वतःची झिप नावं यूटीएफ-८ मध्ये लिहिते, पण ही खूण बऱ्याचदा लावत नाही. विंडोजला खूण दिसली नाही की ते जुना तक्ता काढतं. जपानी, चिनी लोकांचे असे अनेक जुने तक्ते असतात, त्यांना कुठला ते अंदाजाने शोधावं लागतं. आपल्याकडे देवनागरीसाठी विंडोजचा तसा जुना तक्ता कधी नव्हताच, त्यामुळे आपला इलाज एकच आणि नक्की आहे: नावं यूटीएफ-८ म्हणून वाचायला लावायची.

ते असं करा:

१. आधी बाहेर काढलेला चिवडा फोल्डर उडवून टाका. एकेक नाव हाताने दुरुस्त करत बसू नका. मूळ झिप जपून ठेवा.

२. झिपवर राइट क्लिक करून ती सेव्हन-झिपने उघडा. झिप मॅक किंवा लिनक्सवर बनल्याची नोंद तिच्यात असते, ती बघून सेव्हन-झिप बहुतेक वेळा नावं आपणहून बरोबर वाचतं. मराठी दिसलं की ‘एक्स्ट्रॅक्ट’.

३. नाहीच दिसलं, तर विनरारमध्ये उघडा, वरच्या ‘ऑप्शन्स’ मेनूत ‘नेम एन्कोडिंग’ शोधा आणि यूटीएफ-८ निवडा. नावं लगेच बदलतील. मग बाहेर काढा. ‘बँडिझिप’मध्ये हाच पर्याय ‘कोड पेज’ या नावाने आहे.

४. लिनक्सवर अडलं, तर ‘अनार’ हे छोटं साधन टाका. स्पेलिंग यू, एन, ए, आर. ते ‘द अनआर्काईव्हर’चंच भावंड आहे आणि नावांची पद्धत स्वतः ओळखतं.

अल्फाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं किंवा अधोरेषा असतील, तर मात्र वेळ घालवू नका. झिप बनवतानाच अक्षरं गळाली आहेत, ती आता कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येणार नाहीत. पाठवणाऱ्यालाच पुन्हा बांधायला सांगा, आणि या वेळी सेव्हन-झिप किंवा केकाने.

मराठवाड्यात यातला आणखी एक प्रकार भेटतो. जमिनीच्या खासरा पत्रकांचे, निजामकाळातल्या जुन्या नोंदींचे स्कॅन सध्या गावोगाव फिरतायत आणि त्यातल्या काहींना उर्दूत नावं दिलेली असतात. उर्दूच्या बहुतेक अक्षरांचा पहिला बाइट त्याच जुन्या तक्त्यावर चौकटीच्या रेघांवर पडतो, त्यामुळे अल्फाऐवजी रेघा आणि कोपरे, मध्ये मध्ये भलतीच अक्षरं दिसतात. बघणाऱ्याला वाटतं व्हायरस आला. इलाज वरचाच.

ऱ चा घोळ

नावं नीट दिसायला लागली तरी एक बारीक गंमत उरते. जुन्या मॅकच्या डिस्कवर नावं साठवताना काही अक्षरं फोडून ठेवली जायची. आपल्या ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ऱ तिथे एक खूण राहत नाही, साधा र आणि खाली नुक्ता अशा दोन खुणा होतात. डोळ्याला सहसा फरक दिसत नाही, एखाद्या फॉन्टमध्ये फार तर र खाली ठिपका दिसतो. पण विंडोजच्या सर्चमध्ये ‘शेतकऱ्यांची’ टाईप केलं की ती फाईल सापडू नये असं होतं. एक्सेलच्या यादीतल्या नावांशी फायलींची नावं जुळवायला गेलात, तर ‘शेतकऱ्यां’पासून ‘सातपुऱ्या’पर्यंत ऱ असलेली तेवढीच नावं जुळत नाहीत आणि माणूस चक्रावतो. मोजक्या फायली असतील तर नाव पुसून ऱ सकट नव्याने टाईप करा. शेकड्याने असतील तर यादीतच र आणि नुक्ता शोधून त्या जागी ऱ घाला, ‘फाइंड अँड रिप्लेस’ने ते होतं.

सातबारा आणि इतर न चालणारी नावं

मॅकवर फाईलला ‘७/१२ उतारा’ असं नाव देता येतं, तिरक्या रेघेसकट. आतमध्ये मात्र मॅक ती रेघ विसर्गचिन्हासारख्या कोलनच्या रूपात साठवतो आणि झिपमध्ये तो कोलनच जातो. विंडोजला नावात कोलन चालत नाही. तिरकी रेघ, उलटी तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरण, उभी रेघ, लहान-मोठ्याची चिन्हं यांतलंही काही चालत नाही. लिनक्सला सरळ तिरकी रेघ सोडली तर बाकी सगळं चालतं. म्हणून ‘ग्रामसभा ११:३०’ किंवा ‘पाणी कधी येणार?’ अशी नावं लिनक्सवर सुखाने नांदतात आणि विंडोजवर अडखळतात. सेव्हन-झिपने काढलं, तर ते अशा खुणांच्या जागी अधोरेषा टाकून फाईल बाहेर देतं: ‘७_१२ उतारा’. तेवढंच पुरे.

लिनक्सवर मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांतली दोन नावं दोन वेगळ्या फायली असतात, विंडोजला ती एकच वाटतात. काढताना ‘फाईल आधीच आहे, बदलू का?’ असं विचारलं आणि तो फोल्डर नवाच होता, तर ‘येस टू ऑल’ दाबू नका. एक फाईल दुसरीखाली गाडली जाईल. सेव्हन-झिपमध्ये ‘ऑटो रिनेम’ निवडा.

नाव फार लांब

आपल्याकडे कागदाचा सगळा विषय फाईलच्या नावात घालायची सवय आहे. ‘शालेय पोषण आहार योजनेअंतर्गत माहे जुलै ते सप्टेंबर मधील लाभार्थी विद्यार्थ्यांची शाळानिहाय व वर्गनिहाय अंतिम यादी’ हे नाव अजिबात अतिशयोक्त नाही. यात ९८ देवनागरी खुणा आहेत. विंडोज एका नावात २५५ खुणांपर्यंत मोजतं, त्याला यात काही वावगं दिसत नाही. लिनक्स मात्र २५५ बाइट मोजतं, आणि देवनागरीत खुणेमागे ३ बाइट, म्हणजे २९४ बाइट तर अक्षरांचेच झाले. अँड्रॉइडही आतून लिनक्सच. त्यामुळे झेडपीच्या कार्यालयातली विंडोजवरची झिप शाळेच्या उबुंटूवर किंवा गुरुजींच्या फोनवर ‘फाईल नेम टू लाँग’ म्हणत थांबते. हिशेबाला सोपा आकडा: देवनागरी नाव ८५ खुणांच्या आत, शेपटीसाठी थोडी जागा सोडली तर ८०.

झिप न काढताच नाव छोटं करता येतं. सेव्हन-झिपच्या खिडकीत झिप उघडा, फाईल निवडा, एफ-२ दाबा, नाव बदला. हे विंडोज मशीनवर करून घ्या आणि तीच झिप पुढे पाठवा.

विंडोजचंही एक दुखणं आहे, पण ते नावाचं नाही, वाटेचं. ड्राइव्हपासून फाईलपर्यंतच्या सगळ्या फोल्डरांची नावं धरून २६० खुणांच्या वर गेलं की जुने प्रोग्रॅम अडतात. डाउनलोड्समध्ये, त्यात झिपच्याच लांबलचक नावाचा फोल्डर, त्यात पुन्हा तोच फोल्डर, अशी वाट सहज लांबते. डी ड्राइव्हवर एक-दोन अक्षरांचा फोल्डर करा आणि त्यात काढा. बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं.

मॅकच्या झिपमधला जास्तीचा माल

मॅकवर बनलेल्या झिपमध्ये मॅकओएसएक्स असं मोठ्या रोमन अक्षरांत लिहिलेला, आधी दोन अधोरेषा असलेला फोल्डर असतो. त्यात टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या, मूळ फोटोंच्याच नावाच्या छोट्या फायली असतात, शेपटीही जेपीजीच. या फोटो नाहीत, मॅकने स्वतःसाठी ठेवलेल्या नोंदी आहेत. अल्बमवाल्याच्या दुकानात याच फायलींवर क्लिक करून ‘फोटो करप्ट आलेत’ असा गोंधळ होतो. आकार बघा: खरा फोटो काही एमबीचा, ही फाईल काही केबीची. तो फोल्डर बिनधास्त उडवा. ‘डीएस-स्टोअर’ नावाची फाईलही तशीच. पाठवणारा केका वापरत असेल तर त्यात मॅकच्या या फायली वगळण्याचा पर्याय आहे, एकदा टिक केली की कायमचं सुटलं.

बाकीच्या किरकोळ अडचणी

टार-जीझेड सेव्हन-झिपने उघडली की आत अजून एक टार निघते. घाबरायचं कारण नाही: टार नुसत्या फायली एकत्र करते आणि जीझिप त्या दाबते, म्हणून दोनदा काढायचं. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी एवढं, की अशा फायलीतला प्रोजेक्ट लिनक्सवरच चालवायचा असेल तर तो विंडोजवर काढून पेन ड्राइव्हने नेऊ नका. फाईल चालवण्याची परवानगी वाटेत गळते आणि मग स्क्रिप्ट ‘परमिशन डिनाइड’ म्हणते. दाबलेली फाईलच न्या आणि लिनक्सवर काढा.

पेन ड्राइव्हवर काढताना मोठा व्हिडिओच नेमका अडतो, बाकी सगळं निघतं? पेन ड्राइव्ह फॅट-३२ असेल. त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाईल मावत नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. त्यातला डेटा बाजूला काढून तो एक्स-फॅटमध्ये फॉरमॅट करा, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतो.

पार्ट-१, पार्ट-२ किंवा शेवटी ००१, ००२ असे तुकडे आले असतील तर सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नावं बदलू नका, आणि फक्त पहिला उघडा. व्हॉट्सॲप कधीकधी नावाला शेपूट जोडतं, ते काढून सगळी नावं एकसारखी करा.

पासवर्ड बरोबर असूनही विंडोज झिप उघडत नसेल, तर ती एईएस पद्धतीने कुलूपबंद असेल. विंडोज १० चं स्वतःचं साधन ती उघडत नाही, सेव्हन-झिप उघडतं. आणि फोनवरच्या मराठी कीबोर्डवरून पासवर्ड टाकला असेल, तर १२३४ हे देवनागरी अंकांत गेलं का इंग्रजी अंकांत, हे विचारून घ्या. आपल्याला अर्थ एकच, संगणकाला वेगळं.

नावं ठीक पण फाईलच्या आतला मजकूर रोमन अक्षरांचा कचरा दिसतोय? मग दोष झिपचा नाही. तो मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्ही-टीटी सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला आहे आणि तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नाही. छापखान्यांकडून येणाऱ्या पत्रिका, हँडबिलं अजूनही अशीच असतात. फॉन्ट मागवा किंवा युनिकोडमध्ये बदलून घ्या.

झिपच्या आतच डबल क्लिक करून एक्सेल उघडायचं, तासभर आकडे भरायचे आणि सेव्ह करायचं, हे कृपा करून नको. ती फाईल तात्पुरत्या जागेवर उघडलेली असते, काम गायब होतं. आधी बाहेर काढा, मग हात लावा.

आणि झिपमधून लग्नपत्रिका म्हणून एपीके निघाली, किंवा फोटो म्हणून ईएक्सई, म्हणजे विंडोजचा प्रोग्रॅम, तर ती कुणीही पाठवलेली असो, उघडू नका. शेपटी दिसायला हवी म्हणून वर आग्रह केला, तो यासाठीही.

खरंच खराब असेल तर

आकार जुळला, प्रकार बरोबर निघाला, नावं सुधारली, वाट छोटी केली, आणि तरीही ‘सीआरसी फेल्ड’ किंवा ‘डेटा एरर’ येतंय, तर आता फाईल खराब आहे असं म्हणायला हरकत नाही. तरी सगळी फेकू नका. झिपमध्ये प्रत्येक फाईल वेगळी दाबलेली असते, एक नासली म्हणून शेजारची नासत नाही. सेव्हन-झिपने सगळं काढा, ते चांगल्या फायली बाहेर देतं आणि नासलेल्यांची नावं शेवटी यादीत दाखवतं. सेव्हन-झेड प्रकारात मात्र फायली एकत्र दाबलेल्या असतात, तिथे एका जागच्या बिघाडाने पुढच्याही जातात. म्हणूनच महत्त्वाचं काही दूर पाठवायचं तर मी सेव्हन-झेडपेक्षा साधी झिप निवडतो, थोडी मोठी झाली तरी. फोटोंच्या बाबतीत तर मोठीही होत नाही, कारण जेपीजी आधीच दाबलेलं असतं.

अर्धवट आलेल्या, यादीच नसलेल्या झिपसाठी विनरारमध्ये ‘रिपेअर’ आहे. मूळ झिपची प्रत ठेवून त्या प्रतीवर चालवा, जे हाती लागेल ते घ्या.

मग नासलेल्या फायलींच्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याला धाडा आणि पूर्ण दीड जीबी नको, तेवढ्याच फायली पुन्हा पाठवायला सांगा.